भुताच्या पिक्चरची शूटिंगं झाली, त्या जागांवर खरंच काही आहे का? (वाई-सातारा-सांगली)

कराडची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, नोकरीला पुण्यात. २०२४ च्या सप्टेंबरात 'तुंबाड' परत थिएटरला लागला तेव्हा ऑफिसातल्या टोळक्याला घेऊन गेले आणि तेव्हापासून ही मंडळी माझ्या डोक्यावर बसलीत. "तू तिकडचीच ना? मग दाखव की ती जागा!" तुंबाड गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे आणि पिक्चरमधला वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा, हे सांगून माझं तोंड दुखलं. पण थोडं चित्रीकरण सातारा-महाबळेश्वरकडंही झालंय हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि मग काय, गाड्या ठरल्यासुद्धा.

बेत असा आहे: दिवाळी झाली की वाई, मेणवली, महाबळेश्वर, उतरताना लिंबची बारा मोटेची विहीर आणि मग सांगलीला मामाकडं मुक्काम. मला विचारायचंय ते एवढंच की ह्या पट्ट्यात भुताच्या पिक्चरची, मालिकांची शूटिंगं जिथं झाली, तिथं आसपास खऱ्याखुऱ्या गोष्टी काय सांगतात? यूट्यूबवरच्या 'टॉप टेन' नकोत. त्यात एकच बाई पांढरी साडी नेसून खंबाटकीपासून आंबोलीपर्यंत सगळ्या घाटांत एकटीच ड्युटी करते. तिथं राहिलेल्या, राबलेल्या माणसानं सांगितलेलं हवंय.

माझी आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. रात्री पाणी पाजायला गेलेला माणूस स्वतःच्याच उसात पहाटेपर्यंत फिरत राहतो, बांध काही सापडत नाही. त्या गोष्टी मला कुठल्याही पिक्चरपेक्षा जास्त लागायच्या. तशा काही असतील तर सांगा.

कोरेगावचा_घेवडा

ताई, साताऱ्यातली सगळ्यात भयाण जागा म्हणजे मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी पसरणी घाट. वरून उतरणाऱ्या गाड्या, खालून चढणाऱ्या गाड्या आणि मधोमध स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलेला एक जण. त्याच्यापुढं 'तुंबाड'मधला हस्तर राक्षस काहीच नाही.

गंमत सोडा. चकव्याचं म्हणाल तर हल्ली आमच्याकडं कुणी चकव्याला भीत नाही. रात्रीची शेतीपंपाची थ्री फेज लाईट आली की पाणी धरायला जावंच लागतं, आणि उसात बिबट्याची मादी पिल्लं घालून बसलेली असते. त्यामुळं आता बॅटरी, घुंगराची काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं लावलेलं गाणं. भुतांचा धंदा बिबट्यानं बसवला.

जनरेटरवाले_काका

पोरी, तू बरोबर माणसाच्या गावात आलीस. मी वाईचा. जनरेटर व्हॅनवर ऑपरेटर म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं. वाईत एके काळी एका घाटावर हिंदी, दुसऱ्या घाटावर मराठी आणि मेणवलीला भोजपुरी अशी कामं एकदम चालायची. 'स्वदेस' झाला, 'गंगाजल' झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. भुताखेताची कामंही पुष्कळ झाली. त्यातली निम्मी पडद्यावर आलीच नाहीत, म्हणून नावं सांगून उपयोग नाही.

आता जनरेटरवाल्यालाच का विचारायचं ते सांगतो. साऊंडवाल्याला घरघर चालत नाही. म्हणून जनरेटर सेटपासून जितका लांब नेता येईल तितका नेतात, केबल पुरेल तिथपर्यंत. सेटवर दीडशे माणसं, चहा, भजी, गडबड. आणि आपण मात्र आडबाजूला, कुठल्यातरी मळ्याच्या तोंडाशी, मसणवट्याच्या वाटेवर, वडाखाली, एकटे. रात्रभर. लोड वरखाली झाला की मीटरकडं बघायचं, डिझेल बघायचं, बाकी अंधार. भूत कुणाला दिसायचं असेल तर ते मलाच दिसायला पाहिजे होतं.

दिसलं का? दिसलं. पण ते मला नाही, दुसऱ्याला दिसलं. ऐक.

डिसेंबरची रात्र, कृष्णेकाठचं एक गाव. गावाचं नाव सांगणार नाही, कारण पुढं कळेल. भुताच्या मालिकेचं काम. हडळीचं काम करणारी बाई साताऱ्याचीच, नाटकातली, अतिशय गुणी. तोंडाला पांढरं लेपन, डोळ्यांत त्या दुधी लेन्सा, गुडघ्याखाली जाणारा केसांचा टोप आणि अंगावर एकच पातळ पांढरी साडी. नदीवरचा वारा असा की दात वाजत होते. तिचा शॉट लांबला. ती माणसं चुकवून माझ्याकडं आली, कारण सगळ्या युनिटमध्ये ऊब असलेली जागा एकच, जनरेटरची मागची बाजू. तिथून गरम हवा बाहेर पडते. मी तिला माझा स्टूल दिला, किटलीतला चहा दिला. बाई गरम हवेपुढं बसली, केस उडतायत, हातात काचेचा ग्लास, ग्लासातून वाफ निघतेय. वर चिंचेचं झाड. मी व्हॅनच्या पलीकडं डिझेल भरत होतो.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारबाबा आले. खांद्यावर खोरं, डोक्याला मफलर. उसाला पाणी द्यायला, दारं मोडायला निघाले होते, रात्रीची लाईट आलेली. शूटिंग चाललंय हे त्यांना माहीत होतं, पण ते घाटावर, इथं नाही. बाईला वाटलं, युनिटचाच कुणीतरी असेल. तिनं वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, किती वाजले हो?"

खोरं एकीकडं, पायताणं एकीकडं आणि बाबा उसातून. त्या वयात माणूस तसा पळू शकतो हे मी पुन्हा कधी बघितलं नाही. बिचारी हडळच घाबरली, म्हणाली, "काका, बघा हो, पडले तर नाहीत?" सकाळी स्पॉटच्या पोराबरोबर खोरं आणि पायताणं घरी पाठवली. बाबांनी खोरं ठेवून घेतलं, दोनशे रुपयांचं होतं. पायताणं मात्र घेतली नाहीत. त्यांच्या सुनेनं ती चिमट्यानं उचलून ओढ्यात टाकली.

बाबांना मी स्वतः जाऊन सांगितलं, बाईंचा मेकअपशिवायचा फोटोसुद्धा दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "ती तुमची बाई असंल. मी बघितली ती येगळी." आता ह्याच्यावर काय बोलणार?

पुढं काय झालं ते खरं महत्त्वाचं. वर्षा-दोन वर्षांत ती 'चिंचेखालची चहावाली' झाली. मग कुणी म्हणालं, ती बाळंतपणात गेलेली. मग तिला माहेर मिळालं, सासर मिळालं, सासूनं छळल्याची कथा मिळाली. आता अमावस्येला तिथं लिंबू, नारळ, हिरवी बांगडी आणि (हे खास) चहाचा कप ठेवतात. मध्ये एक रीलवाला पोरगा माईक घेऊन मलाच विचारत होता, "काका, इथली जुनी दंतकथा काय आहे?" जुनी म्हणे!

तशीच गोष्ट उजेडाची. पिक्चरमध्ये चांदणं दिसतं ते चांदणं नसतं. उंच परांची बांधून नाहीतर क्रेनवर मोठा एचएमआय लाईट चढवतात, त्याला निळा कागद लावतात आणि खालून धूर सोडतात. जवळून बघितलं तर सरळ हिशेब. पण नदीपल्याडच्या गावातून, दीड-दोन कोसांवरून बघणाऱ्याला काय दिसतं? डोंगराच्या कुशीत मध्यरात्री निळसर उजेड, त्यात धुकं, आणि वाऱ्यावर मध्येच बाईची किंकाळी. तीच किंकाळी, तशीच, नऊ वेळा. पल्याडच्या माणसानं काय समजायचं? माझ्या मेव्हण्यानंच मला सांगितलं, "दाजी, तिकडं काहीतरी लय वाईट हाय, एकच बाई सारखी मरतीय."

आणि आर्टवाल्यांचे प्रताप वेगळेच. एकदा नदीकाठी थर्माकोलचा म्हसोबा बनवला होता, वर प्लास्टर, शेंदूर, चांदीचे डोळे. काम संपलं, माणसं गेली, म्हसोबा तिथंच. महिनाभरात नारळ फुटायला लागले. कुणाची तरी म्हैस सापडली, नवस फेडला. मग पावसाळा आला, कृष्णेला पाणी वाढलं आणि देव तरंगत निघाला. काठावरच्या लोकांनी हात जोडले. तरंगणारा दगड म्हटल्यावर त्याचं माहात्म्य आणखीच वाढलं.

आता तुझ्या बेतावर येतो. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा जरूर बघ. सहा चौकांचा आहे, खाजगी मालकीचा आहे, त्यामुळं आत सोडतात का ते तिथंच विचार. भुताचं म्हणशील तर वटवाघळं. ती एकदम शंभर-दीडशे उडाली की पाठीतून कळ जाते, पण त्यात दुसरं काही नाही. घाटावर उतरलीस की छोट्या देवळात टांगलेली घंटा बघ. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिकडून आलेली ही पोर्तुगीज चर्चची घंटा. अंगावर १७०७ साल आणि मेरीमाता बाळाला घेऊन. आणि टांगलीय शनीच्या देवळात. लोक तिच्याजवळ उभं राहून सेल्फी काढतात आणि घंटा न बघता 'इथं भूत कुठं दिसतं' विचारतात. कपाळ!

मांढरदेवीला तुझी मंडळी जायचं म्हणतील, कारण खिळे ठोकलेलं झाड, काळ्या बाहुल्या असलं सगळं इंटरनेटवर फिरतं. काळूबाईच्या दर्शनाला जायचं तर जा, पाया पड. पण 'हॉन्टेड' म्हणून जाऊ नका. २५ जानेवारी २००५ ला यात्रेत तिथं चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडून निसरडं झालेलं, वाट अरुंद, माणसं पडली, मागून रेटा आला, दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. त्या दिवशी वाईच्या दवाखान्यापुढं उजेडासाठी माझी व्हॅन लावली होती. मी तिथं जे बघितलं ते लिहिणार नाही. देवीचा कोप म्हणणारेही भेटतील. त्यांना पायऱ्या दाखवा.

आणि खंबाटकी. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा लागतो, पुण्याकडून येताना घाट चढायचा. बोगदा संपल्यावर पुढं उतारावर ते एस आकाराचं वळण आहे ना, तिथं म्हणे बाई आडवी येते. बाई कशाला यायला पाहिजे? बोगद्यातून सुसाट बाहेर पडायचं, उतार, भरलेला ट्रक, आणि लगोलग उलटसुलट दोन वळणं. २०१८ ला तिथं मजुरांचा टेम्पो कठडा तोडून गेला, डझनावर माणसं मेली. बाईवर ढकललं की रस्ता नीट करायला नको.

तरी एक सांगतो, नाहीतर तू म्हणशील काका फारच शहाणा. नदीकाठी व्हॅन लावायची असली की आधी जुन्या माणसाला विचारायचं, साती आसरा, म्हणजे डोहातल्या सात देवता, कुठं आहेत. त्या डोहाला दहीभात, हळदकुंकू ठेवल्याशिवाय मी लाईट सुरू करत नाही. आमच्या पोरांनाही त्या पाण्यात उतरू देत नाही. वरून पाणी शांत असतं, खाली कातळात कपार असते आणि माणूस ओढला जातो. दरसाल कुणीतरी पर्यटक जातोच. आसरा म्हणा नाहीतर भोवरा म्हणा, उतरायचं नाही म्हणजे नाही.

कराडची_लेक

काका!! 'बाबा, किती वाजले हो' वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसले, सगळे वळून बघायला लागले. ती चिंच कुठल्या गावात आहे ते मला मेसेज करून सांगाल का? कुणाला सांगणार नाही.

जनरेटरवाले_काका

नाही सांगणार. झाडाचा मालक वैतागलाय. उतारे उचलून उचलून त्याची कंबर गेली आणि बायको म्हणते झाड तोडा. चांगली शंभर वर्षांची चिंच आहे.

हरिपूरचा_हळद्या

आम्ही हरिपूरचे, सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. संगीत 'शारदा'वाल्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. ताई, तुम्ही सांगलीला मुक्काम करताच आहात तर 'तुंबाड' बघून आलेल्या मंडळींना आमच्याकडं आणा. पिक्चरमध्ये दोरीनं खाली उतरतात, खाली खजिना आणि खजिन्यापाशी कुणीतरी बसलेलं, बरोबर? आमचे आजोबा-पणजोबा हेच करत होते. फक्त खाली सोन्याची नाणी नसायची, हळद असायची.

पेव माहीत आहे का? जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड लहान, जेमतेम माणूस जाईल एवढं, आत पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. आमच्या इथली माती अशी की भिंत बांधावी लागत नाही, खणलं की तशीच राहते. आतून शेणानं सारवायचं, वाळू द्यायचं, खाली-बाजूनं पाला लावायचा, हळद भरायची, तोंडावर फरशी आणि वर मातीचा ढीग. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते, कीड लागत नाही, रंग उतरत नाही. गाव रिकामं दिसायचं आणि पायाखाली लाखोंचा माल असायचा. रस्त्यावरून चालणाऱ्याला पत्ता नाही.

आता भुताचं. आम्हाला लहानपणी सांगितलेलं की बंद पेवात जखीण बसलेली असते. हळद तिची असते, आपण मागून घ्यायची. पेव फोडलं की ती चिडलेली असते, म्हणून तिला निघून जायला वेळ द्यायचा. फरशी काढायची, नारळ फोडायचा आणि लांब बसायचं. दिवसभर त्या तोंडाकडं कुणी जायचं नाही. मग संध्याकाळी आजोबा कंदील दोरीला बांधायचे आणि हळूहळू खाली सोडायचे. आम्ही पोरं वरून वाकून बघायला धडपडायचो आणि पाठीत धपाटे खायचो. पिवळा उजेड भिंतीवरून खाली सरकत जायचा, सारवणाचे हाताचे फराटे दिसायचे. अर्ध्या खोलीपर्यंत ज्योत ठीक. मग ती बारीक व्हायची, निळी पडायची, आणि कुणी फुंकर मारावी तशी पटकन जायची. वारा नाही, काही नाही. आजोबा म्हणायचे, "अजून हाय आत." त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.

मी पुढं शाळेत विज्ञान शिकलो तेव्हा कळलं की आत कोण बसलेलं असतं. हळद असो, धान्य असो, बंद जागेत ते श्वास घेतं, प्राणवायू खाऊन टाकतं आणि कार्बन डायऑक्साईड सोडतं. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. त्यामुळंच किडे मरतात, त्यामुळंच हळद टिकते, आणि घाईनं उतरलेला माणूसही त्यामुळंच मरतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. मग वर उभ्या असलेल्या गावानं काय म्हणायचं? आत कुणीतरी आहे आणि ते एकामागून एक माणूस ओढतंय. तुम्ही सांगा, तिथं हजर असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता.

माझा एक चुलतभाऊ प्रबोधनाच्या कामात होता, डॉक्टर दाभोलकरांची भाषणं ऐकून तयार झालेला. तो आजोबांशी भांडायचा, जखीण बिखीण काही नसते म्हणून. आजोबा म्हणाले, "नसंल. पण ती हाय म्हणून सांगितलं की पोरगं थांबतं. गॅस हाय म्हणून सांगितलं तर पोरगं म्हणतं, श्वास धरून पटकन जातो आणि येतो." भावाला उत्तर सुचलं नाही. मला अजून सुचलेलं नाही. पण मी माझ्या मुलाला गॅसच सांगितलाय, आणि वर एक शिवी.

२००५ च्या पुरानं बहुतेक पेवं बुजली, भिजली, हळद गेली. २०१९ ला तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, उरलंसुरलं खचलं. आता माल शीतगृहात आणि गोदामात. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण पेव बघायला मागाल तर एखादं दाखवता येईल, तेही वरूनच. रिकाम्या पेवाच्या तोंडावरही नाचू नका, कडा ढासळते.

विश्रामबागचा_बाल्कनीवाला

वरचं सगळं वाचून राहवलं नाही. पिक्चरचा किडा असल्यामुळं थोडी भर घालतो.

महाबळेश्वर आणि भुताचे पिक्चर हे नातं 'तुंबाड'च्या फार आधीचं. हिंदीत भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे मंडळींचा 'दो गज जमीन के नीचे', १९७२ चा, महाबळेश्वरला चित्रित झाला. सात भाऊ, वडील, घरातल्या बायका, सगळं खटलं घेऊन गेले आणि घरच्या घरी पिक्चर केला. एक भाऊ कॅमेरा, एक साऊंड, दोघं दिग्दर्शन, बायका स्वयंपाकाला. श्याम रामसेंबद्दल एक गोष्ट फिरते: महाबळेश्वरहून रात्री एकटे परतताना वाटेत एका बाईनं गाडीला हात केला, ती बसली आणि मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं तर पावलं उलटी. त्यांचा 'वीराना' हा पिक्चर त्यातून सुचला म्हणतात. भुताचे पिक्चर विकणाऱ्या माणसाला नेमकं भूतच लिफ्ट मागतं, ह्याला मी तरी जाहिरातच म्हणेन. पण काय फक्कड जाहिरात!

काकांच्या चिंचेसारखं अमेरिकेतही झालंय. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' १९९९ ला आला. त्यातली चेटकीण पिक्चरवाल्यांनीच रचलेली. पण मेरीलँडमधलं बर्किट्सव्हिल हे गाव खरं. लोक चेटकीण शोधत गावात घुसायला लागले, गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा चोरून नेल्या. अमेरिकेतल्याच अॅमिटीव्हिल गावाचं उलटं. तिथं १९७४ ला एकाच घरात सहा खून खरंच झाले, पण त्या घरावरचा १९७९ चा पिक्चर तिथं करू दिला नाही, तो न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हरला केला. खऱ्या घराच्या मालकांनी बघ्यांना कंटाळून घराचा नंबर बदलला, ओळखीच्या खिडक्या बदलल्या. आणि 'द शायनिंग'ची तर मजा. त्यातलं भुताचं हॉटेल बाहेरून दिसतं ते ओरेगनमधलं टिंबरलाईन लॉज. लॉजवाल्यांनी विनंती केली की मूळ कादंबरीतली २१७ नंबरची खोली दाखवू नका, नंतर तिथं कुणी राहणार नाही. म्हणून पिक्चरमध्ये २३७ झाली, असली खोलीच तिथं नाही. आता लोक मागतात ती २१७ च.

इकडं वाईजवळ धोमला २०१६ ला फार्महाऊसच्या आवारातून खून करून पुरलेले मृतदेह उकरून काढले, त्यावर बेतलेली मालिका पुढं घराघरात बघितली गेली. तिथं मात्र कुणी भूत सांगत नाही. मला हे विचित्र वाटतं. माणसानं केलेलं असलं की लोक गप्प बसतात.

कोरेगावचा_घेवडा

बाल्कनीवाले भाऊ, गप्प बसणारच. भूत कोर्टात बोलावत नाही.

ताई, लिंबच्या विहिरीचं राहिलंच. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, १७१९ ते १७२४. विहिरीतच छोटा महाल आहे, कोरीव खांब, वर सिंह. शंभर फुटांच्या आसपास खोल. भूतबीत काही ऐकलं नाही मी, मधमाश्या मात्र आहेत. अत्तर मारून जाऊ नका, आणि आत शिट्ट्या, किंकाळ्या नकोत. पारव्यांपेक्षा माश्या लवकर उठतात.

कराडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी पूर्ण बदलली. हरिपूरला नक्की येणार, हळद्या दादा, तुम्हाला वेगळा मेसेज केलाय. आमच्यातल्या एकाला वासोट्यावर रात्र काढायची हुक्की आलीय, तेवढं कुणीतरी सांगा त्याला.

काका, मेणवलीला सकाळी किती वाजता पोचलं तर बरं? आणि आमच्यातली एक जण पांढरी साडी आणि विग घेऊन येणार आहे, घाटावर रील काढायला. चालेल ना?

जनरेटरवाले_काका

वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, व्याघ्र प्रकल्पात येतो तो. बामणोलीहून लाँचनं सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. तुमच्या मित्राला सांग, तिथं रात्री जे फिरतं त्याला चार पाय आहेत आणि ते सरळ आहेत.

मेणवलीला आठच्या आत या, घाटावर ऊन चांगलं असतं आणि सहलीच्या बशी आलेल्या नसतात. बायका धुणं धुवायला येतात, त्यांना आधी विचारा मगच कॅमेरा काढा.

साडी आणि विग दिवसा काढा, खुशाल. रात्री काढायचं असेल तर गावच्या पोलीस पाटलांना सांगून, त्यांचा माणूस सोबत घेऊन. बांधावर तर अजिबात जाऊ नका. एक तर रात्रीच्या लाईटला माणसं पाण्यावर असतात, आणि हल्लीची पोरं त्या म्हातारबाबांसारखी पळत नाहीत. आधी खोरं फेकून मारतात.